म्हातारपण लांबवायचं, पण कोणाचं?

मागच्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीत आम्ही आरोग्य तपासणी शिबिर घेतलं. ऊसतोडीचा हंगाम संपवून माणसं नुकतीच गावी परतली होती. नोंदणीच्या टेबलावर मी होते. समोर एक बाई आल्या. केस पांढरे, पुढचे दात पडलेले, कमरेतून वाकलेल्या. मी सहज विचारलं, "आजी, वय काय लिहू?" त्या म्हणाल्या, "लिही काहीबी." मी आधार कार्ड बघितलं. वय ४३. माझ्यापेक्षा फक्त सात वर्षांनी मोठ्या.

पंधरा-सोळा हंगाम कोयता धरलेला. पंचविशीत पिशवी काढलेली. मी ओशाळून म्हणाले, "माफ करा ताई." त्यावर त्या हसल्या. "आजीच म्हण. कंबर म्हातारीचीच हाय."

त्याच आठवड्यात आमच्या तरुणांच्या ग्रुपवर एका भावाने एक रील टाकली. ब्रायन जॉन्सन नावाचा अमेरिकन कोट्यधीश आहे. वय वाढू नये म्हणून तो वर्षाला सुमारे २० लाख डॉलर खर्च करतो. २०२३ मध्ये त्याने स्वतःच्या मुलाचं रक्तद्रव्य टोचून घेतलं होतं आणि नंतर स्वतःच सांगितलं की काही फायदा दिसला नाही. हाच माणूस भारतात आला होता. एका पॉडकास्टचं रेकॉर्डिंग चालू असताना खोलीतली हवा खराब आहे म्हणून तो मध्येच उठून गेला. २०२५ च्या सुरुवातीला ही बातमी खूप गाजली.

ग्रुपवर तीन प्रतिक्रिया आल्या. एकाने लिहिलं, "ताई, हे श्रीमंतांचे चोचले. आपल्याला काय त्याचं?" दुसऱ्याने लिहिलं, "जरा-मरण अटळ आहे. म्हातारपण टाळायची हाव म्हणजे तृष्णा. हे धम्माच्या विरुद्ध आहे." तिसऱ्याने विचारलं, "ताई, ती एनएमएन पावडर खरंच चालते का? ऑनलाइन मिळतेय." तिघांनाही ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देणं मला जमलं नाही. म्हणून हा लेख.

तिसऱ्या भावापासून सुरुवात करते, कारण त्याचे पैसे जाणार आहेत.

वय वाढण्याचा वेग बदलता येतो, ही आता कल्पना राहिलेली नाही. १९९३ साली सिंथिया केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत एकाच जनुकात बदल असेल तर तो जवळपास दुप्पट जगतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी मिळून उंदरांवर रॅपामायसिन हे औषध वापरून बघितलं. उंदीर ६०० दिवसांचे झाल्यावर, म्हणजे माणसाच्या हिशोबाने साठीच्या आसपास, औषध सुरू केलं. तरी कमाल आयुष्याच्या मापाने माद्या १४ टक्के आणि नर ९ टक्के जास्त जगले. शरीरात काही पेशी म्हाताऱ्या होतात, पण मरत नाहीत. त्या आजूबाजूच्या पेशींना सूज आणत राहतात. उंदरांमधून अशा पेशी काढून टाकल्या तर वयाबरोबर येणारे काही आजार लांबतात, हे २०११ पासून पुढे आलं आहे. शिन्या यामानाका यांना २०१२ चं नोबेल मिळालं, ते प्रौढ पेशीला पुन्हा गर्भावस्थेसारखं करता येतं हे दाखवल्याबद्दल. त्यावरच आज मोठ्या कंपन्या पैसा लावत आहेत.

पण कृमी आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसाचं म्हातारपण मंदावतं असं सिद्ध झालेलं एकही औषध आजघडीला नाही. रॅपामायसिन मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात, कारण ते प्रतिकारशक्ती दाबतं. जॉन्सनने ते घेतलं आणि दुष्परिणामांमुळे बंद केलं. द्राक्षाच्या सालीतल्या रेसव्हेराट्रॉलचा असाच गाजावाजा झाला होता. २००८ मध्ये एका बड्या औषध कंपनीने त्यावर काम करणारी कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. त्यातून तारुण्याचं औषध काही आलं नाही. तेव्हा भावा, पावडर घेऊ नकोस. त्या पैशात महिनाभर रोज दोन अंडी खा. बीपी आणि साखर तपासून घे. तंबाखू सोड. आयुष्य वाढवण्याबाबत याचा पुरावा त्या डब्यापेक्षा कितीतरी पक्का आहे.

आता पहिला भाऊ. "श्रीमंतांचे चोचले" या वाक्यात राग आहे आणि तो रास्त आहे. पण एक गोष्ट आठवून बघा. आपल्या प्रत्येक व्याख्यानमालेत, प्रत्येक सहा डिसेंबरला आपण काय बोलतो? "बाबासाहेब अजून दहा वर्षं जगले असते तर!" बाबासाहेब गेले तेव्हा ६५ वर्षांचे होते. माता रमाई ३७ व्या वर्षी गेली. अण्णाभाऊ साठे ४८ व्या वर्षी गेले. ज्या चळवळीला आपल्या माणसांचं आयुष्य अपुरं पडल्याची एवढी हळहळ आहे, तिने आयुष्य लांबवण्याच्या शास्त्राला चोचले म्हणून झटकून टाकावं, हे मला पटत नाही.

बाबासाहेबांना मधुमेह होता. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन माणसांना देऊन त्यावरचा पहिला निबंध फ्रेंच डॉक्टर ज्याँ स्टर्न यांनी प्रसिद्ध केला तो १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर. या दोन तारखांवरून मी कसलाही निष्कर्ष काढत नाही. पण हेच मेटफॉर्मिन आज म्हातारपणाच्या संशोधनात मध्यावर उभं आहे आणि त्याची गोष्ट आपल्याला नीट माहीत असायला हवी.

न्यूयॉर्कमधले डॉ. नीर बारझिलाई यांनी एक चाचणी आखली. ६५ ते ७९ वयाची मधुमेह नसलेली ३,००० माणसं, सुमारे सहा वर्षं. निम्म्यांना मेटफॉर्मिन, निम्म्यांना साधी गोळी. प्रश्न एवढाच, की हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश हे वयाचे आजार एकत्रितपणे उशिरा येतात का? उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. अमेरिकेतल्या उंदरांवरच्या मोठ्या प्रयोगात एकट्या मेटफॉर्मिनने आयुष्य म्हणावं तसं वाढलं नाही, आणि माणसांच्या जुन्या नोंदींवरून आलेले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच चाचणी हवी. पण ही चाचणी वर्षानुवर्षं निधीसाठी अडून राहिली. कारण साधं आहे. मेटफॉर्मिनचं पेटंट कधीच संपलंय. आपल्याकडे ही गोळी एक-दोन रुपयांना मिळते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती लागू पडली तरी कोणाला नफा होणार नाही. दुसरीकडे जानेवारी २०२२ मध्ये आल्टोस लॅब्स ही पेशी पुन्हा तरुण करण्याच्या संशोधनाची कंपनी ३०० कोटी डॉलर घेऊन उभी राहिली.

म्हणजे बघा, स्वस्त गोळी लागू पडते का हे तपासायला पैसा मिळत नाही आणि महाग तंत्र शोधायला पैशाचा पूर आहे. शास्त्राने कोणता प्रश्न विचारायचा हे बाजार ठरवतो. आपण "चोचले" म्हणून बाजूला झालो तर बाजाराला रान मोकळं मिळतं. उलट आपली मागणी अशी हवी, की आपल्या देशात कोट्यवधी लोक मधुमेही आहेत, हे औषध इथे बनतं, इथल्या डॉक्टरांना त्याचा दांडगा अनुभव आहे, तर स्वस्त औषधांच्या अशा चाचण्या सार्वजनिक पैशातून इथेच का होऊ नयेत?

शिवाय चोचले म्हणणाऱ्या भावाला दुसरा प्रश्न. म्हातारपणाचा वेग सगळ्यांना सारखा असतो असं तुला वाटतं का?

समाजशास्त्र शिकताना मला ब्रिटनमधला व्हाइटहॉल अभ्यास वाचायला मिळाला. १९६७ पासून लंडनच्या सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यात कोणी उपाशी नव्हतं, बेकार नव्हतं. तरीही सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सगळ्यात वरच्यांच्या तिप्पट निघाला. आणि फरक फक्त वरचे आणि खालचे असा नव्हता. दर पायरीला होता. एक पायरी खाली, तर आयुष्य थोडं आणखी कमी. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ते शब्द मला त्या पानावर आठवले. श्रेणी मनात असते, कायद्यात असते, तशी ती हाडामांसातही उतरते.

आपल्या देशाचं काय? २०२२ मध्ये संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थान अशा नऊ राज्यांच्या माहितीवरून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी आहे. यातला निम्म्याहून कमी भाग आर्थिक परिस्थितीने समजावता येतो. उरलेला भाग? पैसा आला तरी न पुसली जाणारी गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

इथे आपल्याच लोकांना एक विनंती. "दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा साडेचौदा वर्षं लवकर मरते" असं पोस्टर आपण दरवर्षी फिरवतो. १४.६ हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालात आहे. पण तो मरण पावलेल्यांच्या सरासरी वयातला फरक आहे. ज्या समाजात मुलं आणि तरुण जास्त, तिथे मृतांचं सरासरी वय तसंही कमी येतं. ते आयुर्मान नव्हे. विरोधकाने हे दाखवून दिलं तर आपला खरा मुद्दाही जातो. तीन-चार वर्षांचा नीट मोजलेला फरक पुरेसा भयंकर आहे. तो वापरा.

आता मूळ गोष्टीकडे. म्हातारपण साठीला सुरू होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची. इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूप हलकी, पण अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही, कमी ते स्नायू. अशी बाळं पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतात. आईच्या ताटात काय पडलं आणि तिने पोटुशी असताना किती कष्ट उपसले, यावर मुलाच्या पन्नाशीचं शरीर ठरायला लागतं. कॅलिफोर्नियात पन्नाशीतला माणूस पेशी तरुण करतोय आणि आपल्याकडे पोटातल्या बाळाचं म्हातारपण ठरतंय.

आणि बीडमध्ये तर वैद्यकशास्त्र उलट्या दिशेने वापरलं गेलं. २०१९ मध्ये शासनाच्या समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे जवळपास १७ टक्के. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. या बायका दलित, भटक्या-विमुक्त, भूमिहीन घरातल्या. पाळीत खाडा झाला की मुकादम दंड कापतो. फडावर ना पाणी, ना संडास, मग जंतुसंसर्ग. खाजगी दवाखान्यात गेलं की "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल" अशी भीती. उचल घेऊन ऑपरेशन, आणि ती फेडायला पुन्हा फड. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर तरुणपणीच पाळी कायमची जाते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, वयाचे आजार लवकर गोळा होतात. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. शिबिरातल्या त्या ताईंची कंबर 'म्हातारीची' का होती, हे यावरून कळतं.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे. वैद्यकशास्त्र म्हातारपण मागे ढकलू शकतं आणि पुढेही ओढू शकतं. त्याची दोरी कोणाच्या हातात आहे?

आता दुसऱ्या भावाचा आक्षेप, धम्माचा. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' च्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी काय प्रश्न उभा केला आहे ते पुन्हा वाचा. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडलं, ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही. त्यांनी गृहत्यागाचं कारण शोधलं ते रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या भांडणात. म्हणजे बाबासाहेबांचा बुद्ध वार्धक्याला घाबरून निघत नाही. माणसाने माणसाला दिलेल्या दुःखावर उपाय शोधायला निघतो. आणि जगणंच दुःख आहे, काही करता येत नाही, असा निराशेचा अर्थ धम्माला चिकटवायलाही त्यांचा विरोध होता.

अनित्यता नाकारायचं कारणच नाही. आतापर्यंत सगळ्यात जास्त जगलेलं नोंदलेलं माणूस म्हणजे फ्रान्सच्या ज्याँ काल्माँ, १२२ वर्षं. त्याही १९९७ मध्ये गेल्या. "मरायचंच नाही" अशी घोषणा देणारा जॉन्सन तृष्णेत अडकलाय, हे मला मान्य. पण ४३ वर्षांच्या बाईला ४३ वर्षांचं शरीर हवं, यात तृष्णा कुठे आहे? तथागत ८० वर्षं जगले आणि अखेरपर्यंत चालत राहिले. जीवक वैद्याचे उपचार त्यांनी घेतले. जे दुःख टाळता येतं ते अटळ म्हणून सोसायला सांगणं ही कर्मविपाकाची भाषा झाली. ती तर आपण २२ प्रतिज्ञा घेऊन सोडून आलो.

दोन धोके मात्र आत्ताच सांगून ठेवते. पहिला चाचण्यांचा. स्वस्तात शरीरं मिळतात म्हणून आपल्या वस्त्यांकडे कंपन्या वळतात. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस दिली गेली, तेव्हा कितीतरी संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. त्या मुलींपैकी काहींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचं चौकशीत म्हटलं गेलं, आणि ती लस मुळात उपयोगी आहे. पण पालकांना न विचारता त्यांच्या लेकरांना चाचणीत घेणं हा गुन्हाच. रॅपामायसिनचंही बघा. १९६४ मध्ये कॅनडाची मोहीम रापा नुई बेटावर गेली, तिने माती उचलली. त्या मातीतल्या जिवाणूतून औषध निघालं, बेटाचं नाव औषधाला मिळालं. बेटावरच्या मूळनिवासींना औषधाच्या नफ्यातलं काही मिळालं नाही. चाचणीत आपली माणसं असतील, तर निर्णय घेणाऱ्या समितीतही आपली माणसं हवीत आणि औषध आपल्या दवाखान्यात मिळायला हवं. फक्त दंड पुढे करायला आपण नको.

दुसरा धोका धोरणाचा. "लोक आता जास्त जगतात" म्हणत निवृत्तीचं, पेन्शनचं वय वाढवायची टूम जगभर आहे. फ्रान्सने २०२३ मध्ये ६२ चं ६४ करायचा कायदा केला. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षांची अट आहे. ज्याचं शरीर पन्नाशीत मोडतं आणि ज्याचं सत्तरीतही धडधाकट राहतं, त्या दोघांना एकच अट लावणं ही समता दिसते, पण ती समता नाही.

म्हातारपण लांबवण्याचं सगळ्यात मोठं काम आपल्या बाजूने कोणी केलं असेल, तर ते बाबासाहेबांनी. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाचं समर्थन केलं. ते मजूरमंत्री असताना ज्याची तयारी झाली, त्या १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे तास ४८ वर आले. बाळंतपणात विसावा आणि कामाला तासांची मर्यादा, हे म्हातारपणावरचं औषधच आहे आणि ते कोणत्याही पावडरीपेक्षा जास्त लोकांना मिळालं. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत असं सांगितलं जातं. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ही मर्यादा किती पाळली जाते, हे तुम्ही तुमच्या वस्तीत विचारून बघा.

म्हणून साथींनो, चार कामं. एक, येत्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे, तर आयुर्मानही जातवार मोजा, ही मागणी. सरकारी आयुर्मानाच्या तक्त्यात राज्य असतं, गाव-शहर असतं, स्त्री-पुरुष असतं, जात नसते. दोन, गर्भाशय काढायच्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत सक्तीचं, आणि फडावर पाणी-संडासाची जबाबदारी कारखान्याची. तीन, जड अंगमेहनतीच्या आणि सफाईच्या कामातल्यांना पेन्शन लवकर. चार, आपल्यातल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी या विषयात यावं. वार्धक्याचं संशोधन करणारी प्रयोगशाळा आणि तिला पैसा देणारी समिती या दोन्ही ठिकाणी आपली माणसं बसली, तर विचारले जाणारे प्रश्न बदलतील.

जॉन्सन हवा खराब म्हणून खोलीतून उठून गेला. बरोबर केलं त्याने. तेवढा हक्क प्रत्येकाला असला पाहिजे. आपल्या सफाई कामगाराला, फडावरच्या बाईला उठून जाता येत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच वस्तीत पुन्हा जातोय. या वेळी बरोबर हाडांची तपासणी करणारे डॉक्टर आहेत. त्या ताईंना मी फोन केला होता. "यीन की," म्हणाल्या, "पण आजी म्हणू नको बरं का आता. तूच त्या दिशी म्हणाली, मी त्रेचाळीसची हाय."

जयभीम. नमो बुद्धाय.